कानांनी पाहिलेलं नंदुरबार

नंदुरबारला पाहण्यासारखं काय आहे, असं कोणी पाहुणीने विचारलं की माझी पंचाईत होते. तोरणमाळ म्हणावं तर ते डोंगरात, प्रकाशा तापीकाठी, आणि सारंगखेड्याचे घोडे पाहायला दत्तजयंतीच गाठावी लागते. गावात म्हणाल तर माणिक चौकातले हुतात्मा स्मारक, ते एकदा पाहून होते. पण ऐकण्यासारखं काय आहे असं विचारलं, तर मी त्या पाहुणीला दोन दिवस ठेवून घेईन! अर्थात मागल्या दिवाळीपर्यंत मलाही हे ठाऊक नव्हतं बरं का.

आमचे घर जुन्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत होते. होते म्हणते, कारण आता ते नाही. सागवानी माडी, खाली दुकानाचा गाळा, पुढच्या खोलीत झोपाळा. त्या झोपाळ्यावर सासूबाई बसत. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली त्याला सहा वर्षे झाली, पण गल्लीत काय चालले आहे ते डोळस माणसांच्या आधी त्यांना कळायचे. "गॅसवाला आला," "समोरची आज माहेरी गेली वाटतं, तिचा नळ वाजला नाही," "तुझा नवरा रागात आहे, बघ जिना कसा चढतोय." जिन्याची खालून तिसरी पायरी करकरायची. त्या करकरण्यावरून त्या कोण आले, हातात ओझे आहे की नाही, आणि स्वारीचा पारा किती, हे सगळे सांगत. मुलांनी तर उशिरा आल्यावर तिसरी पायरी ओलांडून चढायची युक्ती काढली होती. तीही त्यांनी चार दिवसांत ओळखली. एक पायरी कमी वाजते म्हणजे नातूच!

दिवाळीत तिघा भावांचे ठरले. घर विकायचे. तिथे दुकानांची इमारत होणार, आणि आम्ही बायपासकडच्या नव्या वसाहतीत राहायला जायचे. होळीनंतर ताबा द्यायचा. भिंती वाकल्या होत्या, पावसाळ्यात माडी गळत होती, मलाही ओट्यावर उभे राहून स्वयंपाक करायचा सोस होताच. मी विरोध केला नाही. सासूबाईंना मात्र कोणी नीटसे विचारले नाही. त्या म्हणाल्या, "नव्या घरात मला काय ऐकू येईल गं?" त्यावर कोणी काही बोलले नाही. मीही चहा टाकायला उठले.

त्याच दिवाळीत नणंदेचा मुलगा आला होता. तो अहमदाबादला डिझाइन शिकतो. आमच्यासाठी सुरतेहून गाडी बदलली की अहमदाबाद, त्यामुळे सुट्टीत येऊन-जाऊन असतो. त्याने आजीच्या झोपाळ्याशेजारी बसून मोबाइलवर काही विचित्र आवाज लावले. शिट्या, गुरगुर, विहिरीत घागर बुडावी तसे काहीतरी. मी म्हटलं, "बिघडलाय का रे फोन?" तो हसला. म्हणाला, "मामी, हे संगीत आहे. आणि पन्नास वर्षांपूर्वीचं आहे, अहमदाबादचंच."

मग त्याने सांगितले ते मला फारच नवल वाटले. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ निघाला. डेव्हिड ट्यूडर नावाचे अमेरिकन संगीतकार तो उभा करून द्यायला आले होते. मूग सिंथेसायझर नावाचे यंत्र आणि टेपरेकॉर्डर, एवढ्यावर तिथे नवे नवे प्रयोग चालत. गीता साराभाई, आय. एस. मथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशी मंडळी त्यात होती. तीन-चार वर्षांत ते काम थांबले आणि टेपची रिळे संग्रहात पडून राहिली. पुढे पॉल पर्गस या ब्रिटिश संगीतकाराने ती शोधून काढली. २०२० साली बीबीसी रेडिओवर त्यावर कार्यक्रम झाला आणि २०२३ साली निवडक रचनांची तबकडी निघाली. यातल्या गीता साराभाईंची हकीकत मला सर्वांत आवडली. बायका फारशा हात लावत नसत त्या काळात त्या पखवाज शिकल्या, आणि १९४६ साली न्यूयॉर्कला गेल्या तेव्हा जॉन केज नावाच्या संगीतकाराकडून पाश्चात्त्य संगीत शिकताना त्याच्या बदल्यात त्यालाच आपले संगीत शिकवून आल्या. फीचा प्रश्नच मिटला! आपण शिवणक्लास आणि लोणच्याची अशी अदलाबदल करतो, त्यातलाच प्रकार.

"पण यात रस्त्याचे आवाज कुठे आहेत?" मी विचारले, कारण तो आधी तसे काही बोलला होता. तेव्हा त्याने दुसरे एक ध्वनिमुद्रण लावले. जेमतेम तीन मिनिटांचे. सासूबाई झोपाळा थांबवून ऐकू लागल्या आणि एकदम म्हणाल्या, "इंजिन शे व माय! वाफेचं! आते निंघनी गाडी!" माहेर अहिराणी मुलुखातले असल्यामुळे आनंद झाला की त्यांची अहिराणी बाहेर येते. आमच्या सुरत-भुसावळ लाइनवर आता विजेची इंजिने धावतात, पण लहानपणी याच लाइनवर वाफेच्या गाडीने त्या मामाच्या गावी जात. आणि ते इंजिन होते पॅरिसचे! पियेर शेफर नावाच्या रेडिओत काम करणाऱ्या गृहस्थाने १९४८ साली पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनात जाऊन इंजिनांचे आवाज तबकडीवर उतरवून घेतले, त्यांचे तुकडे केले, ते पुन्हा जुळवले आणि ५ ऑक्टोबर १९४८ रोजी फ्रेंच रेडिओवरून ऐकवले. त्या वेळी त्याच्याजवळ टेपसुद्धा नव्हती. आमच्या माहेरी जुना ग्रामोफोन होता, त्याची सुई कधी एकाच रेघेत अडकायची आणि गायिका तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत बसायची. आम्ही हसायचो. या गृहस्थाने ती अडकलेली सुईच कामाला लावली. तबकडीवर मुद्दाम बंद रेघ करून एकच आवाज हवा तितका वेळ फिरवायचा, की त्याचा ठेका होतो.

त्याने आणखी एक गंमत केली होती. घंटेचा टोल ध्वनिमुद्रित करून त्यातला पहिला 'टण्' कापून टाकायचा. मागे जो लांबत जाणारा नाद उरतो तो ऐकून कोणाला घंटा ओळखता येत नाही, कोणी पेटी किंवा बासरी असे काहीतरी सांगते. आवाजाची ओळख त्याच्या पहिल्या क्षणात असते म्हणे. दाराची कडी, गाडीचा हॉर्न, सुनेची हाक, सगळ्याची.

भाचा परत गेला, पण जाताना माझ्या संगणकावर ऑडॅसिटी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घालून गेला. आवाज कापणे, जोडणे, हळू करणे, उलटा करणे, सगळे त्यात जमते. मी मनाशी ठरवले की होळीपर्यंत गल्लीचे आवाज भरून घ्यायचे आणि त्यांचे काहीतरी करून सासूबाईंना नव्या घरात ऐकवायचे. कुणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे वाटलेच नाही.

पहिले ध्वनिमुद्रण अगदी वाया गेले. पहाटेची गल्ली म्हणून भरून घेतले, आणि ऐकते तो काय, पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्याच बांगड्या! मैत्रिणींनो, कोणाला करून पाहायचे असेल तर आधी बांगड्या काढून ठेवा. मोबाइल हातात धरू नका. चार घड्यांच्या नॅपकिनवर ठेवा, म्हणजे ओट्याची थरथर त्यात येत नाही. गच्चीवर वारा असेल तर मुलांचा जुना सुती मोजा धुऊन त्याच्यावर चढवा. फोन येऊ नये म्हणून विमानाचे चिन्ह दाबून ठेवा, आणि निदान दोन मिनिटे स्वतः तोंड मिटून बसा. हे शेवटचे सर्वांत अवघड.

दोन मिनिटे तोंड मिटून बसल्यावर गल्ली उलगडू लागली. साडेपाचला मशिदीची अजान, तिच्या पाठोपाठ देवळातली घंटा, मग दुधाच्या किटल्यांची सायकलच्या कॅरिअरवर होणारी खडखड. बांगड्यांची टोपली घेऊन येणारी चुडीवाली दारोदार थांबते, तिच्या काचेचा किणकिणाट सरकत सरकत येतो. घंटागाडी गाणे लावून येते. भाजीच्या हातगाडीवर हल्ली कर्णा बसवलेला असतो. भाजीवाल्याने एकदाच घरी बसून "टमाटे, वांगे, कोथमीर" भरून ठेवले आहे, तो स्वतः गप्प असतो. म्हणजे मी जे भरून घेत होते ते आधीच भरलेले होते! कल्हईवाला मला सापडला नाही. चार गल्ल्यांत विचारले, तो गाव सोडून गेला की धंदा, कोणाला सांगता येईना. पिंजारी मात्र एकदा मिळाला. त्याच्या तातीचा तो 'तुंय् तुंय्' मी सात मिनिटे भरून घेतला आणि गरज नसताना एक गादी पिंजून घ्यावी लागली.

थंडीत नंदुरबारचा खरा आवाज मिरचीचा असतो. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात, नजर जाईल तिथवर लाल. नंदुरबारच्या मिरचीच्या बाजाराचे नाव देशभर आहे, ते आपण वर्षाचे तिखट करताना घेतोच. पण वाळलेली मिरची वाजते, हे मला इतकी वर्षे इथे राहून ठाऊक नव्हते. आतले बी सुटे होते आणि फावड्याने मिरची उलटली की हजारो बारीक खुळखुळे एकदम वाजावेत तशी सळसळ होते. देठ खुडणाऱ्या बाया ओळीने बसलेल्या असतात. तोंडाला पदर, तरी मधून मधून ठसका. एकीला ठसका लागला की पुढे तिसरीला, मग सातवीला. मीही खोकले आणि तेही भरले गेले. दिवसभर त्या धुळीत बसून त्यांचे हात रात्री किती जळत असतील, हा विचार घरी येऊन डाळीला फोडणी देताना आला. तिथे असताना माझे सगळे लक्ष आवाजाकडे होते.

असेच मंगळवारच्या बाजारात झाले. सातपुड्यातून आलेली एक बाई बोरे आणि चिंच घेऊन बसली होती आणि आपल्या बोलीत शेजारणीशी बोलत होती. किती गोड हेल! मी पिशवीत मोबाइल चालू ठेवून जवळ उभी राहिले. तिच्या लक्षात आले. "काय भरतेस? माझा आवाज? कशाला?" तिने सरळ विचारले. मला उत्तर सुचेना. मी म्हटलं, "सासूबाईंना ऐकवायला." ती म्हणाली, "मग मला आधी ऐकव." ऐकवले. तिने शेजारणीला बोलावले, दोघी खूप हसल्या आणि तिने मला मुठभर बोरे जास्त घातली. पण तिने विचारले नसते तर मी तशीच निघून आले असते, चोरासारखी.

हाच प्रश्न दुसऱ्याही एका बाईला पडला असावा, असे मला पुढे वाचताना वाटले. हिल्डेगार्ड वेस्टरकॅम्प या जर्मनीत जन्मलेल्या आणि कॅनडात राहणाऱ्या संगीतकार. त्या १९९२ साली दिल्लीला आल्या होत्या. रस्त्यांवरच्या फेरीवाल्यांचे आवाज त्यांनी भरून घेतले आणि त्यांतून १९९७ साली एक रचना केली. तिच्या नावाचा अर्थ साधारण असा, की दुसऱ्या एका ठिकाणाच्या ऐकू येणाऱ्या पृष्ठभागाखाली हळुवारपणे शिरणे. नाव लांबलचक आहे, पण त्यातला 'हळुवारपणे' हा शब्द मला पटला. त्या दिवसापासून मी विचारूनच भरून घेऊ लागले. दहांतले आठ जण हो म्हणत. एक धारवाला मात्र म्हणाला, "ताई, सुरी असेल तर आणा, आवाज फुकट येईल."

माघात मावसबहिणीकडे लग्नाला नवापूरला गेलो होतो. नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे हे तुम्ही ऐकले असेलच. बाकावर या टोकाला बसले की एक राज्य, त्या टोकाला दुसरे. तिथे गाडीची सूचना मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत होते. ती भरून घेताना मला कळले की आमची गल्लीही अशीच बोलते. कापडवाला गुजरातीत, भाजीवाली अहिराणीत, मुलांचे मास्तर पुस्तकी मराठीत. आणि माणिक चौकात ९ सप्टेंबर १९४२ रोजी शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीबारात पडले, त्या मिरवणुकीतल्या घोषणासुद्धा गुजरातीत होत्या. आमच्या आजेसासूबाई तेव्हा या घरात नव्या नवरी होत्या. त्या सांगत, की आधी वाटले, वखारीत लाकडे ओतली. मग सगळीकडे एकदम गप्प झाले, आणि त्या गप्प होण्यानेच पोटात गोळा आला. तो आवाज कोणी भरून घेतला नाही. सासूबाईंनी त्यांच्याकडून ऐकला, मी सासूबाईंकडून.

होळीच्या आधी भोंगऱ्याच्या बाजारांचे ढोल आणि कमरेच्या घुंगरांचा आवाज मिळाला आणि माझी शिदोरी पुरी झाली. गणपती तेवढे हुकले. दादा आणि बाबा गणपतींची हरिहर भेट होते त्या रात्रीचा आवाज यात हवा होता, पण तोवर घर राहणार नव्हते.

मग रोज रात्री भांडी आटोपली की मी संगणकाशी बसू लागले. ज्यांना वाटते की यंत्र आपोआप सगळे करते, त्यांनी एकदा बसून पाहावे. चाळीस तासांचे आवाज निवडायचे म्हणजे तांदूळ निवडण्यासारखेच, आणि खडे कोणते ते आधी ठाऊक नसते. पण हात बसल्यावर मजा येऊ लागली. आवाज निम्म्या वेगाने लावला की तो बरोबर एक सप्तक खाली उतरतो. दूधवाल्याच्या सायकलची घंटी दोनदा उतरवली तर देवळातल्या मोठ्या घंटेसारखी झाली. पिंजाऱ्याच्या तातीचा एकच 'तुंय्' घेऊन त्याचा ठेका केला आणि त्याच्यावर मिरचीची सळसळ पसरली. ठसके मी काढले नाहीत. त्यांनी एक वेगळीच लय येत होती, शिवाय ते काढून टाकणे मला बरे वाटेना. चुडीवालीच्या काचा उलट्या लावल्या, तर आवाज आधी वाढत जातो आणि एकदम तुटतो. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. हे दाराशी येऊन म्हणाले, "अगं, हे काय, भूत उतरवतेस की काय?" पण दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना जिन्यावर तोच ठेका जिभेने वाजवत होते!

रचना अकरा मिनिटांची झाली. नव्या घरात गेल्यावर चौथ्या दिवशी, दुपारी, मी ती सासूबाईंना ऐकवली. झोपाळा तिथेही बांधला होता, पण खिडकीबाहेर मोकळे प्लॉट, कुत्र्यांचे भुंकणे आणि बायपासची घरघर. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मी श्वास रोखून.

"हाई काय शे व माय?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "आई, आपली गल्ली."

"गल्ली कशी असेल? दूधवाला पहिले येस, चुडीवाली मांगून येस. तू दोघांना एकदम आणलंस. आणि चुडीवालीच्या काचा फोडल्यास का गं?"

मी समजावून सांगायला गेले की आई, हे संगीत आहे, यात आवाज असे मागेपुढे करतात, पॅरिसला सुद्धा असेच करतात. त्यांनी मान हलवली. पिंजाऱ्याचे आवडले म्हणाल्या. मिरचीच्या जागी त्यांना ठसकाही आला, खरोखरीचा. मग थोड्या वेळाने विचारले, "पायरी कोठे शे?"

पायरी नव्हती. चाळीस तासांत मी मशीद, देऊळ, बाजार, स्टेशन सगळे भरले होते आणि दिवसातून वीस वेळा जिच्यावर पाय देत होते ती तिसरी पायरी भरली नव्हती.

किल्ल्या द्यायला दोन दिवस उरले होते. त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दोघे स्कूटरवरून जुन्या घरी गेलो. वीज तोडलेली होती. ह्यांनी बॅटरी धरली, मी बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या आणि मोबाइल पायथ्याशी रुमालावर ठेवला. आधी हे चढले, मग मी, मग हे ओझे घेऊन आल्यासारखे जड पावलांनी. शेवटी मी म्हटले म्हणून तिसरी पायरी ओलांडूनही चढले.

सकाळी सासूबाईंना नुसते तेवढेच ऐकवले, काही कापले नाही, हळू केले नाही. त्यांनी ह्यांची पावले ओळखली, माझी ओळखली. तिसऱ्या वेळी "हा ओझ्याचं नाटक करतोय" म्हणाल्या आणि चौथ्या वेळी नातवाच्या नावाने हसल्या. मग परत लावायला सांगितले. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचा हात झोपाळ्याच्या कडीवर थांबला. रिकाम्या खोलीत आवाज जास्त घुमतो. गाद्या, कपडे, माणसे, हे सगळे आवाज शोषून घेत असतात, आणि ते निघून गेले की भिंती तो परत पाठवतात. हे मी नंतर वाचले. त्यांना वाचायची गरज नव्हती.

"घर रिकामं शे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा लाव."